आज्ञेमागून येणारे शब्द : पायथनमधील कमांड-लाइन आर्ग्युमेंट



आपल्या शाळेच्या संगणक कक्षात मुले पायथन शिकतात आणि वर्षअखेरीस स्वतःचे छोटे प्रोग्राम लिहून दाखवतात. प्रोग्राम चालतात, उत्तरेही बरोबर येतात. पण त्यांतल्या पुष्कळांत एक गोष्ट सारखीच आढळते. कोणती फाइल वाचायची, उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात, हे सारे प्रोग्रामच्या पोटातच लिहून टाकलेले असते. वर्ग बदलला की प्रोग्राम उघडा, ती ओळ शोधा, आकडा बदला, सेव्ह करा आणि मग चालवा. या खटाटोपात एखादे वेळी शेजारची ओळही चुकून बदलली जाते.

निकालाचेच उदाहरण घेऊ. आपल्या मध्य प्रदेश मंडळाच्या दहावीत उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात ३३ गुण लागतात. महाराष्ट्रात शिकणाऱ्या आपल्या मामे-चुलत भावंडांना विचारा, ती ३५ सांगतील. आता एकच प्रोग्राम दोन्हीकडे वापरायचा असेल तर दोन प्रती करायच्या का? तसे करण्याची गरज नाही. प्रोग्राम चालवतानाच त्याला ‘ही फाइल घे आणि ३३ ची रेष धर’ असे सांगता येते. या सांगण्यालाच कमांड-लाइन आर्ग्युमेंट म्हणतात. या अंकात आम्ही त्याचीच ओळख करून देत आहोत.

नावाचा घोळ

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. त्यामुळे ‘आर्ग्युमेंट’ म्हटले की आधी ‘तर्क’ नाही तर ‘बहस’ हेच शब्द आठवतात. मुलांनाही वाटते की येथे संगणकाशी वाद घालायचा आहे. तसे काही नाही. गणितात एखाद्या फलनाला जी किंमत पुरवली जाते, तिलाही इंग्रजीत हेच नाव आहे. साइन ३० अंश म्हटले तर ३० अंश हे आर्ग्युमेंट. म्हणजे ‘काम करणाऱ्याला पुरवलेली माहिती’ एवढाच अर्थ येथे धरायचा.

घरातले उदाहरण अधिक सोपे. आजी नातवाला दुकानात धाडते. निघतानाच सांगते, ‘जाड पोहे, अर्धा किलो, आणि शेव पाव किलो.’ नातू जातो आणि सामान घेऊन येतो. दुसरा नातू काहीच न विचारता निघतो आणि दुकानात उभा राहून फोन करतो, ‘आजी, पोहे जाड की पातळ? किती आणू?’ पायथनमध्ये ‘इनपुट’ वापरून आपण जे प्रश्न विचारतो ते या दुसऱ्या नातवासारखे आहेत. त्यात गैर काही नाही, पण उत्तर द्यायला कोणीतरी समोर बसलेले लागते. आर्ग्युमेंट म्हणजे निघतानाच सांगितलेली यादी. तीस वर्गांचे तीस निकाल एकामागून एक काढायचे असतील तर हीच पद्धत उपयोगी पडते.

काळ्या खिडकीत काय घडते

पुढे जाण्यापूर्वी छपाईविषयी एक खुलासा. ही पत्रिका देवनागरीत छापली जाते, म्हणून पायथनचे शब्दही आम्ही देवनागरीतच देत आहोत. ‘इम्पोर्ट’, ‘सिस’, ‘आर्गव्ही’, ‘प्रिंट’, ‘इंट’ हे शब्द संगणकावर मात्र रोमन लिपीतील छोट्या अक्षरांतच टाइप करायचे आहेत. फाइलच्या नावाशेवटी येणारे ‘पीवाय’ आणि ‘सीएसव्ही’ यांचेही तसेच. ‘निकाल’, ‘दहावी’ अशी आपण दिलेली नावे देवनागरीत ठेवली तरी चालतात.

‘निकाल.पीवाय’ नावाची फाइल करून तिच्यात या दोन ओळी लिहा :

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.आर्गव्ही)

आता काळ्या खिडकीत ही आज्ञा द्या :

पायथन निकाल.पीवाय दहावी.सीएसव्ही ३३

पडद्यावर असे दिसेल :

['निकाल.पीवाय', 'दहावी.सीएसव्ही', '३३']

हे घडते कसे, ते पाहू. काळ्या खिडकीत आपली ओळ प्रथम जो प्रोग्राम वाचतो त्याला शेल म्हणतात. लिनक्सवर जागा सोडलेली दिसेल तेथे शेलच ओळ तोडतो आणि तुकडे पायथनकडे सोपवतो. विंडोजवर ओळ एकसंध पुढे जाते आणि तोडण्याचे काम नंतर होते, पण आपल्या हाती येते ते तुकड्यांच्याच रूपात. पायथन स्वतःचे नाव बाजूला ठेवतो आणि उरलेले तुकडे ‘सिस.आर्गव्ही’ नावाच्या यादीत क्रमाने मांडून देतो. ‘आर्गव्ही’ हे नाव सी भाषेतून आलेले आहे. सी भाषेतील मुख्य फलनाला तुकड्यांची संख्या आणि तुकड्यांची यादी अशा दोन गोष्टी मिळतात, त्यांतल्या यादीचे हे रूढ नाव. गिदो व्हान रॉसम यांनी पायथन १९९१ मध्ये प्रथम लोकांसमोर ठेवली, तेव्हा सीची ही पद्धत प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

यादीची मोजणी शून्यापासून होते हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात. शून्य क्रमांकावर प्रोग्रामचे स्वतःचे नाव असते. आपण दिलेली पहिली माहिती १ क्रमांकावर आणि दुसरी २ क्रमांकावर. म्हणून दोन आर्ग्युमेंट दिली की यादीची लांबी तीन भरते. हा हिशेब पक्का ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. सगळ्याच भाषांत असे नसते. पर्ल भाषेत शून्य क्रमांकावर थेट पहिले आर्ग्युमेंट असते आणि प्रोग्रामचे नाव वेगळे ठेवलेले असते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना हा फरक आधी पाहावा.

मधली रिकामी जागा

समजा, फाइलचे नाव ‘वार्षिक परीक्षा.सीएसव्ही’ असे आहे आणि तुम्ही आज्ञा दिली :

पायथन निकाल.पीवाय वार्षिक परीक्षा.सीएसव्ही ३३

आपल्या दृष्टीने हे एक नाव आहे. ओळ तोडणाऱ्याला मात्र मध्ये जागा दिसली, त्याने दोन तुकडे केले. आता १ क्रमांकावर ‘वार्षिक’ आहे, २ क्रमांकावर ‘परीक्षा.सीएसव्ही’ आणि ३३ ढकलला जाऊन ३ क्रमांकावर पोचला. प्रोग्राम ‘वार्षिक’ नावाची फाइल शोधेल आणि सापडत नाही म्हणून थांबेल. आपल्याकडे माणसाचे पूर्ण नाव स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तीन शब्दांचे. ते सुटे लिहिले तर एका विद्यार्थ्याचे तीन तुकडे होतात.

उपाय सोपा आहे. जे एकत्र राहायला हवे ते अवतरणचिन्हांत घाला :

पायथन निकाल.पीवाय "वार्षिक परीक्षा.सीएसव्ही" ३३

ही चिन्हे बांधणीपुरतीच असतात. ती आधीच काढून घेतली जातात, प्रोग्रामच्या हाती नाव तेवढे येते. लिनक्सवर एकेरी आणि दुहेरी दोन्ही अवतरणचिन्हे चालतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र दुहेरीच वापरा, एकेरी चिन्हाला तेथे बांधणीचे काम येत नाही. आणखी एक सांगायचे तर वर्डमध्ये टाइप केलेली वळणदार अवतरणचिन्हे काळ्या खिडकीत चिकटवू नका. ती दिसायला सुंदर असली तरी शेल त्यांना साधी अक्षरे समजतो.

तारांकनाचेही असेच. लिनक्सवर ‘*.सीएसव्ही’ लिहिले तर शेल स्वतःच त्या फोल्डरमधील सगळ्या सीएसव्ही फाइलींची नावे तेथे भरतो. प्रोग्रामला तारा दिसतच नाही, पूर्ण यादी मिळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ताऱ्यासकट मजकूर जसाच्या तसा प्रोग्रामकडे येतो आणि नावे शोधण्याचे काम आपल्याला पायथनच्या ‘ग्लोब’ मॉड्यूलकडून करून घ्यावे लागते. घरी एक यंत्रणा आणि शाळेत दुसरी असेल तर ‘घरी चालले, येथे चालत नाही’ या तक्रारीचे एक कारण हेही असू शकते.

जे येते ते मजकूर म्हणून येते

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. वर पडद्यावर उमटलेली यादी पुन्हा पाहा. ३३ च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे आहेत. याचा अर्थ पायथनच्या दृष्टीने ती संख्या नाही. ती दोन अक्षरे आहेत. आर्ग्युमेंट म्हणून जे जे येते ते मजकूर म्हणूनच येते. तिला संख्या करणे हे आपले काम.

केले नाही तर काय बिघडते? बेरीज करून पाहा. '३३' आणि '५' यांची बेरीज ३८ येत नाही, ३३५ येते, कारण पायथन दोन मजकूर एकापुढे एक जोडतो. ही चूक डोळ्यांना दिसते म्हणून फारशी घातक नाही. तुलनेची चूक मात्र दिसत नाही.

सीएसव्ही फाइलमधून वाचलेले गुणही मजकूर म्हणूनच येतात. समजा, ना गुणांची संख्या केली ना ३३ ची. आता प्रोग्राम दोन मजकुरांची तुलना करील आणि ती शब्दकोशाच्या रीतीने करील. शब्दकोशात शब्दाची लांबी पाहत नाहीत, पहिले अक्षर पाहतात. म्हणून '९' हे '३३' च्या नंतर येते, कारण ९ हा ३ च्या पुढचा. आणि '१००' हे '३३' च्या आधी येते, कारण १ हा ३ च्या अलीकडचा. परिणाम असा की गणितात ९ गुण मिळवणारा उत्तीर्ण ठरतो आणि शंभरपैकी शंभर मिळवणारी मुलगी अनुत्तीर्ण ठरते.

येथे प्रोग्राम थांबत नाही. लाल अक्षरांत काही इशारा येत नाही. निकाल सुबक छापून येतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो बरोबरही असतो, कारण ४५, ६८, ८१ असे दोन अंकी गुण या रीतीनेही बरोबरच जुळतात. चुकतात ती टोकाची दोन-चार मुले. तपासणाऱ्याने वरच्यावर दहा नावे पाहिली तर त्याला सारे ठीक दिसेल. म्हणूनच आम्ही मुलांना वारंवार सांगतो की उत्तर आले म्हणजे काम झाले असे नव्हे. ज्याच्या गुणांपुढे चुकीचा शेरा पडेल, त्याच्या घरी त्या संध्याकाळी काय होईल याचाही विचार प्रोग्राम लिहिणाऱ्याने करायचा असतो.

समजा, गुण संख्येत बदलले आणि ३३ मात्र मजकूर राहिला. पायथनच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत अशी विजोड तुलनाही गुपचूप चालत असे आणि संख्या नेहमी मजकुरापेक्षा लहान धरली जाई. म्हणजे सगळा वर्गच अनुत्तीर्ण! तिसऱ्या आवृत्तीने ही सूट बंद केली. आता संख्या आणि मजकूर यांत लहानमोठे ठरवायला सांगितले की पायथन थांबतो आणि चूक दाखवतो. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे, तेव्हा जुन्या पुस्तकातले प्रोग्राम उतरवून घेताना आवृत्ती जरूर पाहा.

संख्या करण्यासाठी एवढे पुरते :

किमान = इंट(सिस.आर्गव्ही[२])

आपल्या मुलांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. ‘इंट’ला देवनागरी अंकही कळतात. काळ्या खिडकीत ३३ हा आकडा देवनागरीत टाइप केला तरी त्याची बरोबर तेहेतीस ही संख्या होते. मात्र प्रोग्रामच्या मजकुरात संख्या लिहिताना इंग्रजी अंकच लागतात, तेथे देवनागरी अंक लिहिल्यास पायथन चूक दाखवतो. शिवाय एका ठिकाणी देवनागरी आणि दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी अंक असतील तर मजकूर म्हणून ते कधीच जुळणार नाहीत. संख्या करून घेतली की हा भेद उरत नाही.

आधी विचारा, मग कामाला लागा

शाळेत प्रवेशाचा अर्ज आला की कार्यालयात आधी तो पडताळतात. सर्व रकाने भरले आहेत का, जन्मतारखेच्या जागी तारीखच आहे का, ती तारीख पटण्यासारखी आहे का. प्रोग्रामनेही आर्ग्युमेंटच्या बाबतीत हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न संख्येचा. जेवढी माहिती हवी तेवढी आली का? आपल्या प्रोग्रामला दोन आर्ग्युमेंट हवीत, म्हणजे यादीची लांबी तीन हवी. कोणी काहीच न देता प्रोग्राम चालवला आणि आपण १ क्रमांक मागितला तर पायथन ‘यादीत इतके नाहीत’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दाखवून थांबतो. लिहिणाऱ्याला ती कळेल, पण कार्यालयातील बाईंना तिच्यातून काय बोध होणार? त्यापेक्षा आपणच नीट सांगावे :

जर यादीची लांबी तीन नसेल तर
सिस.एक्झिट("असे लिहा : पायथन निकाल.पीवाय फाइलचे-नाव किमान-गुण")

(येथे ‘जर’ची ओळ अर्थ कळावा म्हणून मराठीत दिली आहे. संगणकावर ती ‘इफ’ आणि ‘लेन’ वापरून लिहायची.)

दुसरा प्रश्न जातीचा. संख्या हवी तेथे संख्याच आली का? कोणी ‘तेहेतीस’ असे अक्षरांत लिहिले, किंवा ३३.५ लिहिले, तर ‘इंट’ ते स्वीकारत नाही. ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ वापरून ही अडचण पकडावी आणि किमान गुण पूर्ण संख्येत द्या असे सांगावे.

तिसरा प्रश्न अर्थाचा. संख्या आली, पण ती पटण्यासारखी आहे का? घाईत ३३ ऐवजी ३३० टाइप झाले तर तीही संख्याच आहे. ‘इंट’ला त्यात काही खटकणार नाही. शून्य ते शंभर ही मर्यादा आपल्याला माहीत आहे, पायथनला नाही. ती आपणच तपासायची. त्याचप्रमाणे दिलेल्या नावाची फाइल खरोखर तेथे आहे का, हेही आधीच पाहावे.

‘सिस.एक्झिट’ला संदेश दिला की तो पडद्यावर येतो आणि प्रोग्राम १ हा अंक मागे ठेवून थांबतो. सर्व सुरळीत झाले असेल तर मागे ० राहतो. परीक्षेत शून्य वाईट, येथे मात्र शून्य म्हणजे यश! हा अंक माणसासाठी नसतो, या प्रोग्रामनंतर चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामसाठी असतो. पहिल्याचे काम फसले असेल तर दुसऱ्याने छपाई सुरू करू नये, एवढे त्याला त्यावरून समजते.

क्रमाने की नावाने?

दोन आर्ग्युमेंट असतील तर क्रम लक्षात राहतो. चार-पाच झाली की गोंधळ सुरू होतो. त्यात सर्वांत धोक्याची जोडी म्हणजे ‘कोठून वाचायचे’ आणि ‘कोठे लिहायचे’. दोन्ही फाइलींचीच नावे. अदलाबदल झाली तरी प्रोग्रामला कळत नाही. आणि पायथनमध्ये एखादी फाइल नेहमीच्या रीतीने लिहिण्यासाठी उघडली की ती त्याच क्षणी रिकामी होते, आपण पुढे काही लिहो अथवा न लिहो. म्हणजे वर्षभराच्या गुणांची फाइल चुकून ‘कोठे लिहायचे’ या जागी आली तर सारे गुण गेले. लिहिण्यासाठी उघडताना ‘डब्ल्यू’ ऐवजी ‘एक्स’ हे अक्षर दिले तर त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास पायथन तिला हात लावत नाही, चूक दाखवून थांबतो. ही सवय मुलांनी लावून घ्यावी.

दुसरा उपाय म्हणजे माहिती नावानिशी मागणे. लिनक्सवरील आज्ञांत दोन आडव्या रेघा आणि पुढे शब्द, अशी पद्धत तुम्ही पाहिली असेल. पायथनमध्ये ही सोय करून देणारे ‘आर्गपार्स’ नावाचे मॉड्यूल भाषेबरोबरच मिळते. २०१० च्या २.७ आणि २०११ च्या ३.२ या आवृत्त्यांपासून ते आहे. त्याचा उपयोग असा :

इम्पोर्ट आर्गपार्स
वाचक = आर्गपार्स.आर्ग्युमेंटपार्सर()
वाचक.ॲड_आर्ग्युमेंट("फाइल", हेल्प="गुणांची फाइल")
वाचक.ॲड_आर्ग्युमेंट("--किमान", टाइप=इंट, डिफॉल्ट=३३)
वाचक.ॲड_आर्ग्युमेंट("--लिहा", हेल्प="निकालाची नवी फाइल")
माहिती = वाचक.पार्स_आर्ग्ज()

(‘आर्ग्युमेंटपार्सर’मधील ए आणि पी ही रोमन अक्षरे मोठी लिहायची, आणि ३३ हे इंग्रजी अंकांत.)

आता आज्ञा अशी देता येईल :

पायथन निकाल.पीवाय दहावी.सीएसव्ही --किमान ३५ --लिहा निकालपत्र.सीएसव्ही

‘किमान’ आधी लिहा की ‘लिहा’ आधी, फरक पडत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला तिचे नाव चिकटलेले आहे. ‘किमान’ दिलेच नाही तर ३३ धरले जातात. संख्येच्या जागी शब्द आला तर आर्गपार्स स्वतःच अडवतो आणि २ हा अंक मागे ठेवून थांबतो. एका आडव्या रेघेपुढे एच लिहून प्रोग्राम चालवला तर आपण दिलेल्या ‘हेल्प’च्या ओळी जोडून तो वापराची माहितीही दाखवतो. पुढे ‘माहिती.किमान’ असे लिहिले की तयार संख्या हाती येते. शून्य ते शंभर ही तपासणी मात्र येथेही आपल्यालाच करायची आहे. आर्गपार्स संख्येची जात ओळखतो, परीक्षा किती गुणांची ते त्याला ठाऊक नसते.

‘वाचक’, ‘माहिती’, ‘किमान’ ही नावे पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत संगणकावरही देवनागरीतच लिहिता येतात. भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजी राहतात, आर्गपार्सचे स्वतःचे काही शब्दही इंग्रजीत दिसतात. पण माहिती मागताना, चूक दाखवताना, वापर समजावताना तुमचा प्रोग्राम मराठीत बोलू शकतो. काही संगणकांच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरे तुटक दिसतात. तो खिडकीच्या अक्षररचनेचा दोष आहे, आतला मजकूर बरोबर असतो.

एक सावधगिरी

पासवर्ड कधीही आर्ग्युमेंट म्हणून देऊ नका. शेल जुन्या आज्ञा आठवणीत ठेवतो, वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली की त्या पुन्हा दिसतात. लिनक्सवर तर प्रोग्राम चालू असताना त्याची आर्ग्युमेंट त्याच संगणकाच्या इतर वापरकर्त्यांनाही सहसा पाहता येतात. अशा गुप्त गोष्टींसाठी पायथनमध्ये ‘गेटपास’ आहे. तो पासवर्ड समोरून मागतो आणि टाइप होताना पडद्यावर दाखवत नाही. येथे मात्र दुकानात जाऊन फोन करणारा नातूच बरा!

सरावासाठी

१. दोन संख्या आर्ग्युमेंट म्हणून घेऊन त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्राम लिहा. एकदा इंग्रजी, एकदा देवनागरी अंकांत माहिती देऊन पाहा.

२. आपले पूर्ण नाव अवतरणचिन्हांशिवाय आणि अवतरणचिन्हांसह द्या. दोन्ही वेळा यादीची लांबी किती येते ते वहीत लिहा.

३. ९, ३३, १०० आणि ४५ हे गुण मजकूर म्हणून ठेवून ‘३३ किंवा अधिक’ ही अट लावा. मग संख्या करून तीच अट लावा. कोणाचा निकाल बदलला?

४. वरील निकालाच्या प्रोग्राममध्ये शून्य ते शंभरची तपासणी घाला. चुकीच्या माहितीला प्रोग्राम काय उत्तर देईल, ती ओळ शुद्ध मराठीत आणि नम्र भाषेत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असा आमचा आग्रह आहे. पालकांपैकी जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत त्यांनी एखाद्या शनिवारी संगणक कक्षात येऊन मुलांचे हे काम तपासून दिले तर आम्हांला आनंदच होईल. पुढील अंकात फाइल वाचताना गैरहजर विद्यार्थ्याच्या रिकाम्या रकान्याचे काय करायचे, याविषयी लिहू.

सर्व विद्यार्थ्यांना शुभाशीर्वाद.

— प्राचार्य